आजच्याच दिवशी

१

बाईंना स्वतःच्या आवाजाचं कौतुक होतं ते सुताराला आपण केलेल्या खुर्चीचं असतं तेवढंच. खुर्ची डुगडुगत नाही ना, एवढं पाहायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. तरी रोज सकाळी चहाचा कप हातात आला की त्या रेडिओ लावत आणि ओट्याला टेकून स्वतःलाच ऐकत.

नभोवाणी केंद्रावरचा 'आजचा दिवस' हा त्यांचा कार्यक्रम. आजच्या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, कुठला तह झाला, कुठला पूल वाहतुकीला खुला झाला, आणि शेवटी खेळ: कुणी धावण्याचा विक्रम मोडला, कुणाच्या संघानं पहिल्यांदा चषक उचलला. प्रत्येक नोंदीच्या आधी साल. साल सांगितल्याशिवाय बाई वाक्य सुरूच करत नसत. लोक त्या आवाजावर घड्याळं लावत आणि पोरं शाळेला पिटाळत.

हे रोज नव्यानं वाचायचं कारण नव्हतं. वर्षाच्या प्रत्येक दिवसाची टेप एकदा भरून ठेवलेली होती आणि दरवर्षी त्याच तारखेला तीच लागायची. इतिहास काही शिळा होत नाही, असं केंद्राचे साहेब म्हणत. टेप महाग असते, हे ते म्हणत नसत. खेळात नवा विक्रम झाला तर तेवढा तुकडा बाई नव्यानं वाचून देत आणि ध्वनिमुद्रक तो टेपेत जोडून टाकत.

या ध्वनिमुद्रकांना सगळं केंद्र कानसेन म्हणायचं. माणूस तिरसट, पण कान असे की बाईंनी नवी चप्पल घातली तर ते पाठमोऱ्यानं ओळखत. त्यांची एक जुनी खोड होती. बाईंचं वाचून झालं की ते त्यांना ध्वनिमुद्रणकक्षातून बाहेर काढत, दार लावून घेत आणि नुसत्या रिकाम्या खोलीवर टेप थोडा वेळ तशीच फिरू देत. याला ते 'खोली घेणं' म्हणत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती शेवटी जोडली नाही तर ऐकणाऱ्याला रेडिओ बिघडल्यासारखं वाटतं, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून रोज खेळाच्या नोंदी संपल्या की श्वासभर खोली ऐकू यायची आणि मग संगीत लागायचं.

त्या सकाळी खेळ संपला, खोली आली, आणि खोलीत बाईंचा आवाज आला.

"आजच्याच दिवशी बाजारातल्या घड्याळजींच्या दुकानाचं छप्पर कोसळलं. घड्याळजी आत होते."

मग संगीत लागलं.

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. हे आपण कधी वाचलं ते त्यांना आठवेना. साल नव्हतं. शिवाय 'कोसळलं' म्हणताना 'स'वर एक बारीक शिट्टी वाजली होती. बाईंचा 'स' कधी वाजत नसे. त्यासाठी तर त्या ओळखल्या जायच्या.

२

बाईंची मुलगी तेवढ्यात केस पुसत आत आली. तिला सगळे मासोळी म्हणत, कारण पोर चालायच्या आधी टबात तरंगायला शिकली होती. बाईंनी तिला विचारलं, आत्ता शेवटी काय ऐकलंस? ती म्हणाली, खेळ झाला, मग तुमच्या कानसेनकाकांची ती खोली, मग संगीत. अजून काय असतं?

बाईंना वाटलं, झोप झाली नाही. पण शंकेची पाल एकदा चुकचुकली की माणूस स्वस्थ बसत नाही. केंद्रावर जाताना त्यांनी मुद्दाम बाजारातला रस्ता धरला. दुकान जागेवर होतं, छप्पर जागेवर होतं आणि घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात वाकून बघत होते. बाईंना स्वतःचीच लाज वाटली. तरीही त्या आत गेल्या आणि आडवळणानं म्हणाल्या की छप्पर जरा एकदा दाखवून घ्या कुणाला तरी. घड्याळजी हसले. या छपराला आजोबांपासून कुणी हात लावला नाही, म्हणून तर ते टिकलंय, असं म्हणून त्यांनी बाईंना पाण्याचा पेला पुढे केला.

दुपारी केंद्रावर बातमी आली. शिपायानंच आणली. बाजारात एकच धावपळ चालली होती, आणि ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसाच्या डोळ्यावर भिंग तसंच होतं, असं तो सांगत होता. बाईंनी पुढचं ऐकलं नाही. त्या स्वच्छतागृहात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिल्या.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. छप्पर जुनं होतं. ते आपल्या डोळ्यांखालून कितीदा तरी गेलं होतं. मनाला आधीच कळलं असेल आणि कानानं ते ऐकलं असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि पटत नव्हतं.

३

संध्याकाळी त्यांनी कानसेनांना टेप लावायला सांगितली. का, ते सांगितलं नाही. ते आधी कुरकुरले, मग टेप शोधून यंत्रावर चढवली. खेळाची नोंद आली, संपली, खोली आली. काही नव्हतं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

कानसेनांनी मात्र कपाळाला आठी घातली. त्यांनी टेप मागे घेतली, कानांवर हेडफोन चढवले आणि पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा.

"बाई, ही माझी खोली नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी घेतली ती रिकामी होती. रिकाम्या खोलीत आवाज भिंतीला लागून परत येतो. माणूस बसलेला असला की तो थोडा पितो. अंग पितं, कपडे पितात." त्यांनी काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रणकक्षाकडे हात केला. तिथे टेबल, माईक आणि बाईंची खुर्ची होती. "या खोलीत कुणीतरी बसलंय. तुमच्या जागेवर."

बाई म्हणाल्या, मीच असेन, तुम्ही त्या दिवशी मला बाहेर काढायला विसरला असाल. कानसेनांनी त्यांच्याकडे मीठ विसरलात म्हटल्यावर आचारी पाहतो तसं पाहिलं. ते विसरत नसत. तरी थोड्या वेळानं त्यांनीही मान हलवली आणि टेप जुनी झाली असेल, ओल लागली असेल, असं काहीबाही म्हणून दिवे मालवले.

निघताना बाईंनी काचेतून खुर्चीकडे पाहिलं. ती टेबलापासून जराशी मागे सरकवलेली होती. बाई उठताना खुर्ची नेहमी आत सारून ठेवत.

४

पुढचे काही आठवडे रोज नाही, पण मधूनच खोलीत आवाज यायचा. तो फक्त बाईंना ऐकू यायचा, आणि टेपेवर नंतर काही सापडत नसे. प्रत्येक वेळी तोच सपाट आवाज. आनंदाची गोष्ट असो की दुःखाची, एकाच पट्टीत. खरं तर बाईंनी स्वतःला तसंच शिकवलं होतं. नवरा रुग्णालयात वारला त्या सकाळी बदली माणूस मिळाला नाही म्हणून त्यांनी बातम्या वाचल्या होत्या, आणि सगळ्या बातमीपत्रात कुठे कापरं भरलं नव्हतं. निम्म्या गावानं त्यांना धन्य म्हटलं. उरलेल्या निम्म्यानं दगडाच्या काळजाची म्हटलं. मासोळी तेव्हा एवढीशी होती. ती शेजारणीच्या मांडीवर बसून रेडिओ ऐकत होती आणि आई बोलतेय म्हणजे सगळं ठीक आहे, असं तिला वाटलं होतं.

सगळ्याच नोंदी वाईट नव्हत्या, हेही खरं. आजच्याच दिवशी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला जुळ्या मुली झाल्या. संध्याकाळपर्यंत झाल्या, आणि तो बिचारा एकाच पाळण्याची तयारी करून बसला होता. आजच्याच दिवशी गिरणीच्या संघानं पहिल्यांदाच चषक जिंकला. जिंकला खरंच. बाईंना वाटलं, पैज लावली असती तर घराला रंग देऊन झाला असता. असं वाटलं आणि त्या एकट्याच हसल्या. भीतीची सवय होते, ती अशी. तिच्याशी थट्टाही करता येते.

पण पुढच्याच सोमवारी आवाजानं दूधवाल्याचं नाव घेतलं, तेव्हा बाई चहा टाकून जिन्यातून धावत खाली गेल्या. दूधवाला फाटकाशी सायकल लावत होता. त्यांनी त्याला वर बोलावलं, बसवलं, आज फेरी करू नका म्हणून हात जोडले. तो भला माणूस. बाईंचं मन मोडवेना म्हणून तो बसला, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, हातात पाण्याचं भांडं असतानाच, एका कुशीवर कलंडला.

त्यानंतर बाईंनी घरातला रेडिओ लावणं बंद केलं. पण खालच्या मजल्यावर रेडिओ होता, समोरच्या न्हाव्याकडे होता, रस्त्यानं जाणाऱ्या सायकलच्या दांडीला टांगलेला होता. सगळ्या गावात त्याच एका वेळी त्यांचाच आवाज चालू असायचा. पळून जायचं तरी कुठे?

५

मासोळी दरवर्षी वाढदिवस जवळ आला की आईच्या मागे लागे. तुझ्या कार्यक्रमात माझा जन्म वाच ना. आणि बाई दरवर्षी म्हणत, आधी काहीतरी करून दाखव, मग वाचते. दोघींमधली ही जुनी थट्टा होती. यंदा मुलीनं ती मनावर घेतली. केंद्राच्या मागच्या उतारावरून दिसायचा तो मोठा तलाव या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जायची स्पर्धा ठरली होती, आणि ती नेमकी तिच्या वाढदिवशी होती. आजवर एकाही मुलीनं तो तलाव पार केलेला नव्हता.

"मग वाचशील ना?" तिनं विचारलं होतं. "जन्मात पण आणि खेळात पण. दोनदा यायला पाहिजे माझं नाव."

बाई तेव्हा कौतुकानं हो म्हणाल्या होत्या. लांबून दिसावी म्हणून त्यांनी स्वतः तिच्यासाठी पिवळ्याधमक कापडाची टोपी शिवायला घेतली. ही सगळी घड्याळजींच्या आधीची गोष्ट.

आता तो दिवस जसजसा जवळ येत गेला तसतसं त्यांच्या घशाखाली घास उतरेना. त्यांनी मुलीला अडवून पाहिलं. पाणी गार असेल, तुला सर्दी आहे, पुढच्या वर्षी जा. मासोळीनं आधी हसण्यावारी नेलं, मग ती चिडली. खरं कारण सांग म्हणाली. बाईंनी सर्दीचंच पालुपद लावलं. सांगणार काय? रेडिओवर माझाच आवाज मला घाबरवतो म्हणून? पोरगी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली असती आणि तिथून परस्पर तलावावर.

आदल्या संध्याकाळी टोपीची हनुवटीखालची पट्टी शिवायची राहिली होती. बाई दिव्याखाली बसल्या, चार टाके घातले, गाठ मारली आणि नेहमीसारखा दातानं दोरा तोडला. खट्‌ असा आवाज झाला. दोऱ्याबरोबर पुढच्या दाताचा टवका हातात आला. दुखलं काहीच नाही.

"काय झालं गं?"

"काही नाही, दात. किती सहज तुटला बघ," बाई म्हणाल्या.

मासोळी खळखळून हसली. "परत बोल ना. आई, परत बोल. तुझा स शिट्टी मारतोय."

बाई परत बोलल्या नाहीत. टोपी मांडीवर तशीच होती. त्यांच्या कानात घड्याळजींचं छप्पर पुन्हा एकदा कोसळलं, त्याच बारीक शिट्टीसकट, आणि त्यांना कळलं की तो आवाज कुणा परक्याचा नव्हता आणि जुनाही नव्हता. तो त्यांचाच होता, आजच्या नंतरचा.

६

रात्र त्यांनी छताकडे बघत काढली. उजाडता उजाडता त्यांनी एक ठरवलं. त्या खुर्चीवर कुणी बसायचंच असेल तर आज आपण स्वतः बसायचं. टेप लावायची नाही. सगळं थेट वाचायचं, आणि शेवटी खोलीसाठी जागाच सोडायची नाही. त्या रिकाम्या जागेत पोरीचा जन्म वाचायचा. जागा भरलेली असली की दुसरं काही तिथे येणार कसं?

मासोळी निघाली तेव्हा अजून धुकं होतं. तिनं वाकून नमस्कार केला, टोपी खिशात कोंबली आणि म्हणाली, आमचे प्रशिक्षक नावेत रेडिओ घेऊन बसणार आहेत, मला पाण्यात ऐकू येईल. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. पोरगी म्हणाली, आई, सोड, उशीर होतोय. त्यांनी सोडलं.

साहेब घरी झोपलेले होते, त्यामुळे परवानगी मागायचा प्रश्नच आला नाही. कानसेनांना मात्र बाईंनी सगळं सांगितलं, घड्याळजींपासून दातापर्यंत. ते हसले नाहीत. उलट त्यांनी विचारलं की खेळाची शेवटची नोंद कुठे संपते आणि वाढदिवस वाचून झाला की खूण कशी करणार. बाई म्हणाल्या, मी मान हलवीन, मग तुम्ही संगीत सोडा. ठीक, ते म्हणाले आणि काचेपलीकडे जाऊन बसले.

ध्वनिमुद्रणकक्षात सतरंजीचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. बाई खुर्चीत बसल्या. लाल दिवा लागला. त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि पहिल्याच वाक्यात दात वाजला, पण आवाज पक्का होता. जन्म झाले. मृत्यू झाले. तह, पूल, धूमकेतू झाला. खेळ आला. एका धावपटूचा विक्रम, एका संघाचा चषक. शेवटचा शब्द संपला तशी त्यांनी माईककडे अजून थोडं वाकून, साल धरून, स्पष्ट शब्दांत वाचलं की आजच्याच दिवशी माझ्या मुलीचा जन्म झाला, आम्ही तिला मासोळी म्हणतो, आज ती तलाव पार करते आहे, तिनं सुखरूप घरी यावं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माईकवर स्वतःचं काही म्हटलं होतं. शब्द सगळे नीट गेले.

त्यांनी मान हलवली. संगीत लगेच लागलं नाही. कानसेन काचेपलीकडून त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांचा हात हलला आणि लाल दिवा विझला.

७

बाई बाहेर आल्या तेव्हा खूप दिवसांनी त्यांना भूक लागली होती. झालं, जागा भरली. त्या म्हणाल्या, चला, चहा मागवा, आज माझ्याकडून.

कानसेनांनी हेडफोन कानांवरून काढून गळ्यात घेतले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, तुम्ही वाचलं का नाहीत?"

"वाचलं की. सगळं वाचलं."

"खेळापर्यंत वाचलंत. मग तुम्ही बसून राहिलात. मी वाट बघत होतो, ओठ हलतील म्हणून. शेवटी मान हलवलीत तेव्हा मी संगीत सोडलं."

बाईंना वाटलं, हा माणूस आज भलत्या दिवशी भलती चेष्टा करतो आहे. पण कानसेन आवाजाच्या बाबतीत चेष्टा करत नसत. थेट कार्यक्रम चालू असताना त्याची एक प्रत बाजूच्या यंत्रावर उतरत असे. त्यांनी ती मागे घेतली आणि लावली.

धावपटू आला. चषक आला. 'जिंकला' हा शब्द संपला आणि खोली सुरू झाली. आधी तिच्यात काहीच नव्हतं. मग कुणीतरी श्वास घेतला. वाचण्याआधी घेतात तसा, पोटातून, पुरता. बाई तो श्वास लाखात ओळखल्या असत्या, तीस वर्षं त्यांनी तसाच घेतला होता. तुटक्या दातातून तो आत जाताना बारीक वाजला. शब्द आला नाही. श्वास सुटला. पुन्हा घेतला, पुन्हा शब्द आला नाही. तिसऱ्यांदा घेतलेला श्वास मध्येच थरथरला आणि तुटला. त्याच्या खाली, अगदी हळू, थांबून थांबून काहीतरी ठिबकत होतं. सतरंजीवर पाणी ठिबकतं तसं.

नवरा गेला त्या दिवशी ज्या बाईचा आवाज हलला नव्हता, तिला न वाचता येईल अशी जगात एकच नोंद होती.

कानसेन यंत्राच्या बटणांवर वाकले होते. बाईंनी मान वर केली आणि काचेतून आत पाहिलं. आत्ता त्यांनी आत सारून ठेवलेली खुर्ची मागे ओढलेली होती. खुर्चीत पाठमोरी एक बाई बसली होती. तिच्या केसांत बाईंपेक्षा पांढरं जास्त होतं. तिचे कपडे कमरेपर्यंत ओले होते, अंगाला चिकटले होते, आणि काठांवरून पाणी खाली गळत होतं. मांडीवरच्या दोन्ही मुठींत तिनं काहीतरी घट्ट धरलं होतं. बोटांच्या फटींतून थोडं पिवळं दिसत होतं.

ती मान वळवायला लागली. बाई त्याआधीच जिन्याकडे धावल्या.

८

उतारावर त्या दोनदा पडता पडता सावरल्या. धुकं विरत चाललं होतं आणि तलाव लख्ख दिसत होता. काठावर गर्दी होती. ओळखीची माणसं हसून बाजूला होत होती, बाई, पोर पुढे आहे म्हणत होती, आणि कुणी विचारत होतं की आज रेडिओ मध्येच बंद का पडला. बाई गर्दीतून पुढे सरकत गेल्या. पाण्याच्या मधोमध टोप्यांचे ठिपके दिसत होते. पांढरे, लाल, पुन्हा पांढरे. त्या पिवळा शोधत राहिल्या.

मग दोन नावा एकदम वळल्या. त्यांतल्या एकीत कुणीतरी उभं राहून हात हलवत होतं. काठावरचं हसणं हळूहळू थांबलं आणि सगळी माणसं लांबच्या धक्क्याकडे धावत सुटली. बाईंच्या आजूबाजूला कुणी उरलं नाही.

त्या पाण्यालगतच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांचे कपडे कोरडे होते. त्यांनी हात लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. अगदी कोरडे. एवढं एक त्यांच्या हातात होतं. मी पाण्यात उतरले नाही तर मी भिजणार नाही, आणि भिजले नाही तर त्या खुर्चीतली ती बाई मी नाही. ती मी नसेन तर हे काहीच झालेलं नाही. नावा कुणाला तरी पाय आखडला म्हणून वळल्या असतील. पोरगी धापा टाकत येईल, आई वाचलंस का विचारेल. बाईंनी पायरीच्या कठड्याला घट्ट धरलं आणि मनातल्या मनात एकच म्हणत राहिल्या, उभी राहा, इथेच उभी राहा, काय वाट्टेल ते होवो, पाय हलवू नकोस.

काठापासून थोड्या अंतरावर पाण्यावर काहीतरी पिवळं डोलत होतं.

टोप्या निसटतात. मासोळीची तर नेहमी निसटायची, ती पट्टी कधी नीट बांधत नसे, टोचते म्हणायची. आणि पिवळी टोपी काय एकट्या तिचीच असेल? आतले टाके बघितले की कळेल. शेवटचे चार टाके काल रात्रीचे होते, जरा वाकडे, दात तुटायच्या आधीचे. तसे टाके नसले की झालं, दुसऱ्याच कुणाची तरी टोपी. पण टाके बघायला ती हातात यायला हवी होती, आणि लाटेबरोबर ती काठापासून दूर दूर चालली होती. आसपास काठी नव्हती. हाक मारायला माणूस नव्हता.

बाईंनी कठडा सोडला. त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून पायरीवर ठेवल्या आणि पाण्यात पाऊल टाकलं. पाणी गार होतं. ते आधी घोट्यांना लागलं, मग गुडघ्यांना. टोपी अजून थोडी पुढे होती.